टेम्परेचर लूप हंटिंग करतोय. स्टेबिलिटीसाठी रूथ लावू, बोडे काढू की नायक्विस्ट?

तुमचा प्रश्न असा: रबाळ्याच्या प्लांटमध्ये स्टीम हीटरच्या आउटलेटचा टेम्परेचर लूप सारखा वरखाली होतोय (म्हणजेच हंटिंग), प्रॉडक्शनवाले ‘गेन कमी करा’ (कंट्रोलरचा प्रतिसाद मवाळ करा) म्हणतायत, आणि कॉलेजात शिकलेल्या या स्टेबिलिटी तपासायच्या पद्धतींपैकी कुठली लावायची ते कळत नाही.

आत्ता कुठलीच लावू नका. आधी लूप मॅन्युअलला टाका आणि आउटपुट (कंट्रोलर व्हॉल्व्हला देतो तो सिग्नल) धरून ठेवा. हंटिंग थांबलं तर चोर लूपच्या आत आहे: ट्यूनिंग नाहीतर व्हॉल्व्ह. चालूच राहिलं तर बाहेरून येतंय, म्हणजे स्टीम हेडरचं प्रेशर किंवा शेजारचा एखादा लूप. मग तुमच्या पीआयडी कंट्रोलरला हात लावायचं कारणच नाही.

हे ‘गेन कमी करा’ प्रकरण ठाणे-बेळापूर पट्ट्यातल्या प्रत्येक कंट्रोल रूममध्ये ऐकू येतं आणि दहातल्या निम्म्या वेळा ते चुकीचं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. महाप्याच्या एका प्लांटमधला तुमच्यासारखाच स्टीम हीटर घ्या. व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून, म्हणजे स्टेम (व्हॉल्व्ह हलवणारा दांडा) बाहेर येतो तिथल्या पॅकिंगमधून, वाफ गळत होती, मेकॅनिकलवाल्याने पाना लावून ग्लँड आवळला. गळती बंद. पुढच्या शिफ्टपासून तापमान अडीच अंशांच्या पट्ट्यात झुलायला लागलं. गेन १.९ वरून १.२ केला, मग ०.६. झोका तेवढाच राहिला, फक्त एका फेरीला पाच मिनिटं लागायची तिथे दहाच्या वर लागायला लागली. ‘बघा, स्लो झालं, सुधारतंय,’ म्हणून सगळे खूश.

सुधारत काही नव्हतं. ट्यूनिंग बिघडलेलं असतं तर गेन कमी केल्यावर झोके लहान होत होत विरले असते. झोका तेवढाच आणि फेरी लांब, ही अडकणाऱ्या व्हॉल्व्हची सही आहे. इंटिग्रल (चूक उरली तोवर आउटपुट बदलत नेणारा कंट्रोलरचा भाग) आउटपुट ढकलत राहतो, स्टेम हलत नाही, मग एकदम उडी मारतो, तापमान सेटपॉइंटच्या पलीकडे जातं आणि इंटिग्रल उलट्या दिशेने ढकलायला लागतो. गेन कमी म्हणजे ढकलणं हळू, एवढंच. ट्रेंडवर आउटपुट करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

खात्री करायला आउटपुट मॅन्युअलमध्ये एकेक टक्का वाढवायचा आणि एका माणसाने स्टेमवर नजर ठेवायची. त्या व्हॉल्व्हचा स्टेम दोन टक्क्यांपर्यंत ढिम्म, तिसऱ्याला टणकन उडी. तीन टक्के गुणिले प्रोसेस गेन (आउटपुटच्या एका टक्क्याला तापमान किती बदलतं) ०.८, म्हणजे जवळपास अडीच अंश. हिशेब तिथेच जुळला. ग्लँड नट सैल करून पॅकिंग बदललं, गेन परत १.९ वर आणला, ट्रेंड सपाट. ग्रॅफाइटचं पॅकिंग टेफ्लॉनपेक्षा जास्त घासतं, तेव्हा तापमानाला टेफ्लॉन चालत असेल तर उगाच ग्रॅफाइट भरू नका. आपल्याकडे पावसाळ्यात इन्स्ट्रुमेंट एअरचा ड्रायर नीट चालला नाही की पोझिशनरमध्ये (हवेने व्हॉल्व्ह जागेवर नेणारं यंत्र) पाणी जातं, तेव्हाही हीच लक्षणं दिसतात.

आता गणित. नायक्विस्टने १९३२ मध्ये निकष मांडला तो टेलिफोनच्या अॅम्प्लिफायरसाठी. अडकणारा व्हॉल्व्ह त्या रेषीय गणितात बसतच नाही. म्हणून मार्जिन (लूप अस्थिर व्हायला किती वाव उरलाय) काढायचं ते व्हॉल्व्ह सुधारल्यावर. रूथ इथे अडतो, कारण त्याला बहुपदी लागते आणि डेड टाइम (आउटपुट बदलल्यापासून तापमान हलेपर्यंतचा वेळ) बहुपदीत मावत नाही. पादेचं सूत्र वापरून अंदाजी मावतो, पण बोडे सरळ असताना तो उपद्व्याप कशाला? डेड टाइममुळे मॅग्निट्यूड (झोक्याची उंची) बदलत नाही, फेज (झोका किती मागे पडतो) तेवढा खात जातो.

बंप टेस्ट घ्या, म्हणजे मॅन्युअलमध्ये आउटपुटला छोटा धक्का देऊन तापमान बघा. समजा आउटपुट ४० वरून ४५ टक्के केला, ट्रान्समीटरची रेंज ० ते १०० अंश, तापमान ६२ वरून ६६ ला जाऊन थांबलं. गेन ४ भागिले ५, म्हणजे ०.८. पहिली हालचाल ४० सेकंदांनी दिसली तर तो डेड टाइम. तिथून ६३ टक्के बदलाला, म्हणजे साधारण ६४.५ अंशाला, पोचायला लागलेला वेळ १२० सेकंद, तो टाइम कॉन्स्टंट. लॅम्डा (बंद लूपचा आपल्याला हवा तो टाइम कॉन्स्टंट) डेड टाइमइतकाच धरला तर कंट्रोलर गेन १२० भागिले (०.८ गुणिले ८०; ८० म्हणजे लॅम्डा अधिक डेड टाइम), म्हणजे १.९; इंटिग्रल १२० सेकंद. फेज मार्जिन सुमारे ६१ अंश, गेन मार्जिन ३.१ पट. झीग्लर-निकोल्सच्या ट्यूनिंग सूत्राने त्याच प्रोसेसला गेन ३ येतो, इंटिग्रल जवळपास तोच, पण फेज मार्जिन ४४ वर आणि गेन मार्जिन दोनच्या जरा खाली. रिस्पॉन्स चपळ दिसतो, ओव्हरशूट ठळक येतो. १९४२ चं ते सूत्र झोका दर फेरीला चौथाईवर यावा या बेताने केलेलं. स्टीम हीटरला मी ते लावत नाही.

आणखी एक खूण: गेन खरंच जास्त असेल तर फेरी डेड टाइमच्या साडेतीन-चार पट येते, इथे १४० ते १६० सेकंद. तुमच्या ट्रेंडवर आठ-दहा मिनिटांची फेरी दिसत असेल तर गेन निर्दोष आहे. इंटिग्रल फार कमी सेकंदांचा ठेवलाय का ते बघा, नाहीतर व्हॉल्व्ह.

लोड (हीटरमधून जाणारा फ्लो) निम्मा झाला की तो पाइपातून आरटीडी या तापमानाच्या सेन्सरपर्यंत पोचायला दुप्पट वेळ लागतो. बाकी सगळं तेच धरून डेड टाइम ४० चा ८० सेकंद झाला तर वरचे ६१ अंश ३३ वर येतात. वर कमी फ्लोला प्रोसेस गेनही वाढतो, म्हणूनच हीटरला इक्वल परसेंटेज (कमी उघडा असताना कमी गेन देणारा) व्हॉल्व्ह बसवतात. तेव्हा बंप टेस्ट कमी लोडलाच घ्या.

हे सगळं स्वतःहून स्थिरावणाऱ्या प्रोसेसचं आहे. लेव्हलला किंवा उष्णता सोडणाऱ्या रिअॅक्शनला हेच आकडे लावू नका, आणि शिफ्ट इनचार्जला सांगितल्याशिवाय, इंटरलॉकची (प्लांट आपोआप बंद पाडणारी) मर्यादा बघितल्याशिवाय बंप देऊ नका. आकडे भरताना एकक तपासा: गेन १.९ म्हणजे प्रपोर्शनल बँड (१०० भागिले गेन) ५३ टक्के. इंटिग्रल १२० सेकंद म्हणजे मिनिटाला अर्धा रिपीट. जुने आकडे लॉगबुकात लिहून ठेवा, आणि ‘गेन कमी करा’ म्हणणाऱ्याची त्याच ओळीत सही घ्या.