इबोला विषाणूच्या व्हीपी३० या प्रोटीनचं फॉस्फोरिलेशन (त्यावर फॉस्फेट जोडलं जाणं) तपासताय?

इबोलाच्या मिनिजीनोमपासून, म्हणजे रिपोर्टर जनुक असलेल्या जीनोमच्या छोट्या प्रतिकृतीपासून, सुरुवात करताय हे बरं. जिवंत विषाणू लागत नाही. व्हीपी३० वर फॉस्फेट असले की ट्रान्सक्रिप्शन (एमआरएनए बनणं) मंदावतं. एनपी हे विषाणूचं दुसरं प्रोटीन पेशीतल्या पीपी२ए-बी५६ फॉस्फटेजला (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला) जवळ ओढून ते उतरवतं. म्हणूनच हे फॉस्फटेज रोखणारं ओकाडाइक अॅसिड घातलं की रिपोर्टरचा सिग्नल पडतो. पण ल्युसिफरेज (रिपोर्टरचं प्रकाश देणारं एन्झाइम) पडलं म्हणून 'रेप्लिकेशन थांबलं' लिहू नका. रेप्लिकेशनला एनपी, व्हीपी३५ आणि एल ही विषाणूची प्रोटीनं पुरतात. एमआरएनए आणि अँटीजीनोम (रेप्लिकेशनमधली पूरक प्रत) स्ट्रँड-स्पेसिफिक आरटी-क्यूपीसीआरने वेगळे मोजा.

खरी गंमत फॉस-टॅग जेलवर, जिथे फॉस्फेट असलेलं प्रोटीन मागे, वरच्या पट्ट्यात राहतं. त्याला मँगनीज लागतं, म्हणून नमुन्यात धातू पकडून ठेवणारं ईडीटीए नको. प्रीस्टेन्ड मार्करमधलं ईडीटीएसुद्धा शेजारची लेन वाकडी करतं. ब्लॉटिंगआधी मात्र जेल १० मिलिमोलर ईडीटीएच्या ट्रान्सफर बफरमध्ये १० मिनिटं हलवा, मग साध्या बफरमध्ये. नाहीतर प्रोटीन मेम्ब्रेनवर नीट उतरत नाही. या जेलवर किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन) वाचायला जाऊ नका.

लायसिस (पेशी फोडणं) बर्फावर, फॉस्फटेज इनहिबिटर ताजे. एक हिस्सा इनहिबिटरशिवाय ठेवून लॅम्डा फॉस्फटेजने ३० अंशांवर ३० मिनिटं. वरचा पट्टा खाली आला नाही, तर तो फॉस्फेटचा नव्हताच.

व्हीपी३० मधल्या सेरीन-२९ या फॉस्फेट बसण्याच्या जागेचं नुसतं अॅस्पार्टेट (फॉस्फेट असल्यासारखं) करून भागत नाही, सोबत अलानिनही (फॉस्फेट बसू न शकणारं) हवं.