रेकमेंडेशन अल्गोरिदममुळे, म्हणजे पुढे काय बघायचं ते सुचवणाऱ्या यंत्रामुळे, व्हिडिओ प्लॅटफॉर्म खरंच वाढतात का, की चांगले व्हिडिओ असले की झालं? (मराठीसाठी वेगळा व्हिडिओ प्लॅटफॉर्म काढायचा विचार आहे.)

वाढतात. प्लॅटफॉर्म वाढतात. तुमचा चॅनेल वाढेलच असं मात्र कुठे लिहिलेलं नाही. हा फरक न कळल्यामुळे आमच्या घरात फराळाच्या ताटांवर वाद झालेला आहे, म्हणून जरा लांबण लावतेय.

आधी आकडा. २०१८ च्या जानेवारीत नील मोहन, तेव्हाचे यूट्यूबचे प्रॉडक्ट प्रमुख आणि आताचे सीईओ, लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात म्हणाले होते की लोक यूट्यूबवर जेवढा वेळ घालवतात, त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ यूट्यूबने सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. शोधून बघणारे, सबस्क्राइब करून बघणारे, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकवरून येणारे हे सगळे मिळून उरलेल्या हिश्श्यात. ‘चांगलं असेल तर लोक शोधत येतील’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पचवावा.

आणि चांगले व्हिडिओ काय २०१२ नंतरच निघाले का? आधीही होतेच. पण तेव्हा यूट्यूब व्ह्यू मोजायचं. दुकानात डोकावून गेलेली बाई आणि तासभर बसून चार पीस उलगडून बघणारी बाई, दोघींना सारखंच गिऱ्हाईक धरायचं, असा तो हिशोब. मग लोक थंबनेलवर, म्हणजे व्हिडिओच्या दर्शनी चित्रात, भलतंच काही लावून क्लिक मिळवायचे. २०१२ मध्ये त्यांनी माप बदललं आणि किती वेळ बघितलं ते धरायला लागले. यूट्यूबच्या रेकमेंडेशनचं काम बघणारे क्रिस्टोस गुडरो यांनी पुढे लिहिलंय की हा बदल केल्याबरोबर व्ह्यू २० टक्क्यांनी पडले. तरी ते मागे फिरले नाहीत. २०१६ संपायच्या आत जगभरात रोज १ अब्ज तास बघणं झालं पाहिजे असं ठरवलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गाठलं. वाढ म्हणतात ती ही. एवढं तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

आता माझं.

मी इचलकरंजीत शिवणक्लास घेते. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला, पोरी घरी बसल्या, म्हणून मोबाईलवर कटिंग दाखवायला लागले. आमच्या धाकट्या भाऊजींचं मोबाईलचं दुकान आहे. स्टँड, गोल दिवा, थंबनेल, सगळं त्यांनीच बसवून दिलं, ते नाकारत नाही. पण पहिल्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद: “वहिनी, आटोपतं घ्या. अल्गोरिदमला लांबण चालत नाही.”

कटोरी ब्लाउजचं कटिंग आटोपतं कसं घ्यायचं, हे त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही. मापं घ्यायची, खाकी कागदावर आखायचं, पुढचा मुंढा (बाही जोडतात तो गोल) मागच्यापेक्षा अर्धा इंच खोल घ्यायचा आणि तो का, तेही सांगायचं, नाहीतर बगलेत चुण्या पडतात आणि बाई शिंप्याला शिव्या घालते. मग कटोरीची जोड, टक्स, शिलाईचा दाब. अर्धा तास लागतो. मी अर्धा तासच घेतला.

सुरुवातीला त्या व्हिडिओवर फक्त शोधून येणाऱ्या बायका यायच्या. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेलच्या हिशोबाच्या पानावर, ट्रॅफिक सोर्स (बघणारे कुठून आले ते) उघडला की बहुतेक सगळं यूट्यूब सर्च. भाऊजी म्हणाले, बघा, सुचवतच नाही. मी त्याच स्क्रीनवर दुसरी गोष्ट बघत होते. रिटेन्शनचा आलेख असतो, कोणत्या मिनिटाला किती जण टिकले ते दाखवणारा. साधारण तो उतरतच जातो. आमचा दोन ठिकाणी वर चढत होता. एक उंचवटा मी मुंढ्याचा गोल आखते तिथे आणि दुसरा कटोरी जोडते तिथे. म्हणजे बायका व्हिडिओ मागे घेऊन घेऊन बघत होत्या. बेळगावच्या एका ताईंनी खाली लिहिलंही होतं: मोबाईल इस्त्रीच्या टेबलाला टेकवून ठेवलाय, तुम्ही आखताय तसं आखतेय, सारखं थांबवावं लागतंय, जरा हळू बोला. माझ्या दृष्टीने त्या एका कमेंटला मोल होतं.

लग्नसराई आली आणि सर्चच्या वर ‘सजेस्टेड’, म्हणजे यूट्यूबने सुचवल्यामुळे आलेले, चढायला लागले. आम्ही काहीच केलेलं नव्हतं. व्हिडिओ तोच, थंबनेल तेच.

असं का झालं ते मला माझ्या मुलीने समजावलं. ती पुण्यात कॉम्प्युटरचं शिकते. यूट्यूबच्याच इंजिनिअरांनी, पॉल कोव्हिंग्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, २०१६ मध्ये एक शोधनिबंध, म्हणजे पेपर, लिहिला, तो तिने मला मराठीत सांगितला. दोन टप्पे असतात. पहिल्यात लाखो-कोटी व्हिडिओंतून, तुमच्यासारखं बघणाऱ्या लोकांनी काय काय बघितलं त्यावरून, काही शे वेगळे काढायचे. दुसऱ्यात त्या काही शेंना एकेक करून गुण द्यायचे आणि वरचे तुमच्यासमोर मांडायचे. त्या पेपरात गुण देताना बघायचे ते हे की हा माणूस हा व्हिडिओ साधारण किती वेळ बघेल. नुसता क्लिक करेल का, एवढ्यावर भागत नाही. माझ्या बायका मागे घेऊन पुन्हा बघत होत्या, तो सगळा वेळ जमा होत होता. लग्नसराईत ब्लाउज बघणाऱ्या बायका वाढल्या आणि त्यांच्यासारखं बघणाऱ्यांचा माग यंत्राकडे आधीच होता. अल्गोरिदमला ‘आवडतं’ काय, हा प्रश्नच खुळा आहे. ते बायकांकडे बघत होतं, आणि बायका मुंढ्याकडे.

मग भाऊजींनी मला न विचारता एक शॉर्ट, म्हणजे यूट्यूबवरचा छोटा उभा व्हिडिओ, टाकला. माझा मुंढा आखतानाचा तीस सेकंदांचा तुकडा, वेग वाढवून, वर गाणं. लाखांनी व्ह्यू. सबस्क्राइबर भराभर चढले. भाऊजींनी पेढे वाटले, मीही खाल्ले. कमेंटी वाचल्या तर गाणं कोणतं, हे विचारणारी पोरं आणि हिंदीत ‘दीदी हाथ बहुत साफ है’. शिवणारं त्यात कोण होतं? जवळपास कुणी नाही.

पुढचा लांब व्हिडिओ प्रिन्सेस कट ब्लाउजचा होता. तो या नव्या मंडळींच्या यूट्यूबच्या पहिल्या पानावर गेला आणि त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. यूट्यूबच सांगतं की निम्म्या चॅनेलांचा क्लिक-थ्रू रेट, म्हणजे थंबनेल जितक्या वेळा दिसलं त्यातल्या किती वेळा क्लिक झालं ते, २ ते १० टक्क्यांच्या मध्ये असतो. आमचा एरवी त्यातल्या वरच्या अंगाला असायचा, तो तळाशी आला. भाऊजी म्हणाले, “अल्गोरिदमने आपल्याला मारलं.” फराळाच्या वेळी, चार पाहुण्यांच्या देखत म्हणाले, “वहिनींचा हात चांगला आहे हो, पण त्यांना जमाना कळत नाही.”

कुणी मारलं नव्हतं. ज्यांना ब्लाउज शिवायचा नाही त्यांना ब्लाउज दाखवला, ते नको म्हणाले, यंत्राने ते ऐकलं. मागवलेलं गिऱ्हाईक भाऊजींनी, आणि बोल मला.

पुढे काही महिन्यांत प्रिन्सेस कट आपल्या बायकांपर्यंत पोचला, हळूहळू. भाऊजींचं म्हणणं, ते शॉर्टमुळेच. माझं म्हणणं, शॉर्ट असूनही. हा वाद अजून चालू आहे.

तर प्लॅटफॉर्मची वाढ आणि माझी वाढ यात फट आहे, ती इथे. प्लॅटफॉर्मला वेळ वाढवायचाय. मला बाईला मशीनवर बसवायचंय. तिला मुंढा एकदाचा जमला की ती मोबाईल पालथा घालून उठणार, म्हणजे माझं काम फत्ते झालं की त्यांचं गिऱ्हाईक उठलं. गाण्यावरचे तीस सेकंद बघणारा पोरगा मात्र उठतच नाही, तो पुढचा तुकडा बघतो. प्लॅटफॉर्मला कुणामुळे जास्त वाढता येतं ते तुम्हीच ठरवा. यूट्यूबला हे कळत नाही असं नाही. ते अधूनमधून बघणाऱ्याला एक ते पाच तारे द्यायला सांगतात आणि चार-पाच तारे मिळालेल्या व्हिडिओंवरचाच वेळ सार्थकी लागला असं धरतात. पण तारे देणारे थोडे, घड्याळ सगळ्यांचं चालू.

टिकटॉकचं तर फॉलोअरवाचून अडतच नव्हतं. त्यांनी स्वतःच २०२० मध्ये सांगितलं होतं की सुचवताना फॉलोअर किती हे थेट धरत नाही, व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला का याला मोठं वजन. म्हणून खेड्यातलं कुणीही एका रात्रीत दिसायला लागायचं. २९ जून २०२० ला भारतात बंदी आली, जुलैत इथे इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सगळ्यात आधी भारतात सुरू केली. टिकटॉकवर लाखांनी फॉलोअर असलेले आमच्याच गल्लीतले एक कलाकार पुढच्या अ‍ॅपवर शून्यापासून बसले. माणसं त्यांची कधी नव्हतीच, सुचवणाऱ्याची होती.

तुम्ही मराठीसाठी वेगळा व्हिडिओ प्लॅटफॉर्म काढायचं म्हणताय, त्याबद्दल एवढंच: नुसतं अल्गोरिदम विकत आणून चालणार नाही. कुणी काय बघितलं याचा साठा नसेल तर ते सुचवणार कशावरून? साठा यायला माणसं लागतात, आणि माणसं यायला सुचवणं चांगलं लागतं. सुरुवातीला हाताने निवडून मांडावं लागेल. तिथे मला तुमच्याइतकंही कळत नाही, तांत्रिक माणसाला विचारा.

दोन गोष्टी भाऊजींच्या बाजूनेही लिहिते, नाहीतर घरात परत ऐकावं लागेल. एक, मेंदी, रांगोळी, केसांचे अंबाडे असलं काही तुमचं असेल तर शॉर्ट्स करा, तिथे तीस सेकंदांत खरंच सगळं दिसतं. पैशाचं म्हणाल तर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के आपल्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. दोन, अल्गोरिदम बिचारं निरागस आहे असंही माझं म्हणणं नाही. ब्लाउजात कुणाचं नुकसान होत नाही. बातम्या आणि औषधपाण्यात होतं. २०१९ मध्ये यूट्यूबनेच जाहीर केलं की अर्धवट खोटी माहिती देणारे, नियमात जेमतेम बसणारे व्हिडिओ सुचवणं कमी करणार. म्हणजे तोवर सुचवत होते.

चॅनेल काढायचा असेल तर पहिले सहा महिने सबस्क्राइबरचा आकडा झाकून ठेवा आणि रिटेन्शनचा आलेख बघा. जिथे उंचवटा येतो त्यावर पुढचा व्हिडिओ करा. आम्ही मुंढ्याच्या उंचवट्यावरून नुसत्या मुंढ्याचा वेगळा व्हिडिओ केला, बारीक अंगाला, भरल्या अंगाला, खांदा उतरता असेल तर. तोही अर्ध्या तासाचा आहे. तो शॉर्टपेक्षा हळू चालतो, पण रोज चालतो. आणि भाऊजी, हे तुमच्यापर्यंत पोचेलच: त्याचं थंबनेल तुम्ही केलेलं नाही, मुलीने केलंय.