ब्रेन फॉगला, म्हणजे डोकं नीट चालेनासं होतं त्याला, मराठीत काय म्हणतात? "लक्ष नाही" सोडून दुसरे नेमके शब्द आहेत का?

शब्द भरपूर आहेत हो, पण तुम्ही प्रश्नात जे "लक्ष नाही" लिहिलंय ना, तेच नेमकं माझ्या डोक्यात जातं, म्हणून आधी त्याचंच सांगते.

"लक्ष लागत नाही" वेगळं आणि "लक्ष देत नाही" वेगळं. लागत नाही म्हणजे मी बसलीये, जीव तोडून बघतेय आणि होत नाहीये. देत नाही म्हणजे लक्ष माझ्याकडे आहे, मी देत नाहीये. हे मला कळायला वर्ष गेलं आणि माझ्या मोठ्या भावाला अजून कळलेलं नाही.

मी अकाउंट्समध्ये आहे. हिशोब जुळला नाही की आम्ही आधी बघतो फरकाला ९ ने भाग जातो का, गेला तर बहुतेक वेळा कुठेतरी आकडे उलटे पडलेले असतात, ६३० चे ३६० झालेले असतात वगैरे. नव्या मुलांना हे मीच शिकवायचे. तर एक दिवस ट्रायल बॅलन्समध्ये (सगळ्या खात्यांची जमा-नावे जुळते का बघायचा तक्ता) २७० चा फरक आणि मी दुपारपासून संध्याकाळपर्यंत त्या आकड्याकडे नुसती बघत बसले. शेवटी ज्युनियर मुलगी मागून म्हणाली, "ताई, नऊने जातंय की." ट्रिक विसरले होते ते सोडा, ती बोलल्यावरसुद्धा ती काय म्हणतेय हे आत पोचायला मला वेळ लागला. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

घरी दादाचं एकच, वेंधळी झालीयेस, मोबाईल कमी कर, पहाटे उठून योग कर, सगळा आळस आहे. (तो रोज करतो आणि रोज सांगतो.) डॉक्टरकडे गेलो तर तोही सोबत, मी शब्द शोधेपर्यंत त्याने सांगूनही टाकलं, "ही कशात लक्षच देत नाही." झालं, ताण कमी करा, झोप वाढवा, टॉनिक घ्या, तीन महिने त्यातच गेले.

दुसऱ्यांदा दुसऱ्या डॉक्टरकडे एकटी गेले आणि कागदावर लिहून नेलं. वाक्य वाचून संपेपर्यंत सुरुवात विसरते. रोजचे शब्द तोंडात येत नाहीत. उठल्यापासून डोकं जड. थंडी सगळ्यांपेक्षा जास्त वाजते. शेवटचं मी आपलं उगाच लिहिलं होतं, बाई नेमक्या त्यावरच थांबल्या. रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) १८ च्या वर निघाला, तो साधारण ४ च्या आत लागतो. थायरॉईड. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, सहा आठवड्यांनी परत टेस्ट, डोस वाढवला, मग हळूहळू डोकं जागेवर आलं. एका दिवसात नाही आलं, हेही सांगून ठेवते.

आता तुमचे शब्द. "मेंदूवरचं धुकं" वगैरे करू नका, असं कोणी बोलत नाही. ब्रेन फॉगच्या सगळ्यात जवळचं म्हणजे "डोकं बधिर झालंय" नाहीतर सरळ "काही सुचत नाहीये". सुचणं मला फार आवडतं, कारण "लक्ष दे" असं कोणीही ओरडू शकतं पण "सूच की जरा" असं कोणाला म्हणता येत नाही! बाकी एकाच वेळी खूप काही अंगावर आलं की भांबावणं, दटावल्यावर येतंय तेही विसरलं तर गांगरणं, मन एका जागी ठरतच नसेल तर सैरभैर किंवा चित्त थाऱ्यावर नाही. सुन्न म्हणजे धक्का बसल्यावर. गुंगी औषधाची, झापड झोपेची, ग्लानी तापातली. तंद्री मात्र यात धरू नका, तंद्रीत माणूस सुखात असतो. वेंधळा, धांदरट, विसरभोळा हे स्वभावाचे शब्द आहेत, चार महिन्यांपूर्वी धड असलेल्या माणसाला ते लावणं म्हणजे शुद्ध आळशीपणा. व्यग्र आणि विक्षिप्त यांचा मूळ अर्थ मन विखुरलेलं असाच, पण आज व्यग्र म्हणजे बिझी आणि विक्षिप्त म्हणजे चक्रम, तेव्हा डॉक्टरसमोर दोन्ही नकोत.

आणि हो, प्रत्येकाचं थायरॉईडच असतं असं नाही. बी-१२ कमी, रक्त कमी, अपुरी झोप, पाळी जाण्याचा काळ, नैराश्य, एखादं चालू औषध, कशानेही होतं, आणि काही जणांना लहानपणापासूनच एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही तो त्रास) असतो. माझं वाचून गोळी सुरू करू नका. पण कोणी अचानक, तासा-दोन तासांत असंबद्ध बोलायला लागलं, ओळखेनासं झालं तर शब्दबिब्द शोधत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

राहता राहिला योग. बरी झाल्यावर मी मुद्दाम पतंजलींची योगसूत्रं उघडून बघितली. पहिल्या पादात, म्हणजे पहिल्या भागात, तिसावं सूत्र आहे, चित्त विखुरणाऱ्या नऊ अडथळ्यांचं. पहिला अडथळा व्याधी. दुसरा स्त्यान, म्हणजे चित्त कामच करेनासं होणं, म्हणजे माझं जे झालं होतं तेच. मग संशय, मग प्रमाद, आणि आळस त्यानंतर, पाचवा. दादा, तू हे वाचत असशील तर मोजून बघ.