आप्पांनी मान हलवली, पण नेमकी कशाला?

"मॅडम, यांना समजतंय की नाही, तेवढं एक सांगा की." मी वाचा-उपचार करते; वाचाघात झालेल्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडलेल्या माणसाच्या घरून हा प्रश्न हमखास येतो. बोलता येत नाही हे सगळ्यांना दिसतं. समजण्याबद्दल मात्र घरात दोन तट पडतात: एक म्हणतो सगळं समजतंय, दुसरा म्हणतो बुद्धीच गेली. सोलापुरातल्या एका घरात यावरून पैशाचा वाद उभा राहिला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आप्पा टॉवेलच्या धंद्यातले, स्वतःचे यंत्रमाग असलेले. झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली, उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं 'चहा', 'नको', 'अरे' एवढ्यावर आलं. पण 'जेवायला चला', 'चष्मा द्या' म्हटलं की बरोबर करायचे. म्हणून थोरल्याने एकदा विचारलं, "काकांना तुम्ही पैसे दिले होते ना?" मान हलली. मग धाकट्याने विचारलं, "तुम्हाला काकांनी पैसे दिले होते ना?" पुन्हा मान हलली. झालं! दोघांच्याही मते आप्पांनी कबुली दिली होती. सून बिचारी मधल्या मधे.

मी आप्पांपुढे चित्रं ठेवली; वाक्य ऐकायचं आणि जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवायचं. 'मुलगी केळं खाते' यात एकही चूक नाही. होणार कशी? केळं काही मुलीला खात नाही; दोन शब्द कळले की अर्थ आपोआप जुळतो. 'बाईने पुरुषाला ढकललं' हेही बहुतेकदा जमलं. शब्द फिरवून 'पुरुषाला बाईने ढकललं' म्हटलं, तेव्हा मात्र बोट पुरुष ढकलतोय त्या चित्रावर गेलं. जो आधी ऐकू आला तोच करणारा, असा आप्पांचा हिशेब. मराठीत शब्द मागेपुढे झाले तरी आपलं अडत नाही, कारण कोणी आणि कोणाला हे 'ने' आणि 'ला' सांगतात. नेमके तेच चिमुकले प्रत्यय आप्पांच्या हातून निसटत होते. आता मुलांचे प्रश्न पुन्हा वाचा. थोरल्याच्या प्रश्नात काका आधी, धाकट्याच्या प्रश्नात आप्पा आधी. म्हणजे दोघांनाही मिळालेला होकार कदाचित उलट्याच गोष्टीला असेल. शिवाय वाचाघातात हो-नाहीचीही गल्लत होते, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणूनही मान हलते.

हे आप्पांपुरतं नाही. 1976 मध्ये कारामाझा आणि झुरिफ या संशोधकांनी अडखळत, तुटक बोलणाऱ्या रुग्णांना इंग्रजी वाक्यं ऐकवली. 'मुलगा खातोय ते सफरचंद लाल आहे' अशा धर्तीची वाक्यं त्यांना कळली. कोण कोणाचा पाठलाग करतंय हे फक्त रचनेवरूनच ठरत होतं, तिथे त्यांची उत्तरं अंदाजपंचे निघाली. मग व्याकरण पुसलं गेलं म्हणायचं का? तसंही नाही. 1983 मध्ये लाइनबार्गर, श्वार्ट्झ आणि सॅफ्रन यांनी दाखवलं, की अशी वाक्यं समजताना गडबडणारे रुग्ण वाक्याची रचना चुकली आहे का, हे मात्र चांगलं ओळखतात. माहिती शिल्लक असते. ती वेळेवर कामाला लावणं अवघड जातं. म्हणून आप्पांशी मोठ्याने बोलून उपयोग नव्हता. त्यांचे कान ठणठणीत होते. हवा होता तो वेळ.

घरच्यांना सांगितलं ते साधंच. टीव्ही बंद करा. एका वाक्यात एकच गोष्ट, आणि करणारा आधी. मग थांबा, अगदी अवघडल्यासारखं वाटेल इतकं थांबा. तोच प्रश्न उलटा करूनही विचारा. दोन्हीकडे 'हो' आलं, तर ते उत्तर धरू नका. सोलापूरच्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि बाजारात मराठी असते. तिथे तर दोन्ही भाषांत तपासल्याशिवाय मी काहीच बोलत नाही.

पैशाच्या प्रश्नासाठी वाक्यच बाजूला ठेवलं. आप्पांचा एक फोटो, काकांचा एक, मधे नोटा. आप्पांनी डाव्या हाताने नोटा स्वतःच्या फोटोवरून काकांच्या फोटोकडे सरकवल्या. फोटोंच्या जागा बदलल्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तरी तेच.

थोरल्याने लगेच विचारलं, "मग आता कागदावर अंगठा घ्यायला हरकत नाही ना?" हरकत आहे, म्हटलं. नोटा सरकवणं वेगळं, आणि 'मुदतीत रक्कम परत न केल्यास' असल्या वाक्याखाली अंगठा उठवणं वेगळं. तसली वाक्यं धडधाकट माणसालाही दोनदा वाचावी लागतात. आधी मेंदूच्या डॉक्टरांना आणि वकिलाला विचारा. आप्पांच्या हिशेबाच्या जुन्या वह्या माळ्यावर आहेत, असं सुनेने सांगितलं. त्या काढा, म्हटलं, आणि उघडाल तेव्हा काका आणि आप्पा दोघेही समोर असू देत.