आधी बूड बघा
वाचकांचे प्रश्न : जुनी रंगीत भांडी आणि बरण्या

मागच्या अंकात जुन्या भांड्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांनी फोटोही पाठवले आहेत, आणि सगळ्यांनी एकच चूक केली आहे : फोटो समोरून काढला आहे. अहो, तोंड सगळ्यांचंच देखणं असतं. बूड दाखवा, बूड.

प्रश्न : ताई, आत्येसासूबाईंकडून मला शेंदरी रंगाच्या सहा ताटल्या मिळाल्या. मागे ‘फिएस्टा’ अशी उठावाची अक्षरं आहेत. भाचा म्हणाला, मामी, ह्यात युरेनियम असतं. दुसऱ्या दिवशी त्यानेच जांभळ्या प्रकाशाची बॅटरी आणून मारली, काही चमकलं नाही, तेव्हा म्हणाला, नसेल. आता मी कुठल्या भाच्याचं ऐकू, कालच्या की आजच्या?

कालच्या. निदान बूड बघेपर्यंत तरी.

बॅटरीने फसवलं यात नवल नाही. युरेनियम घातलेली जुनी पिवळट-हिरवी काच त्या प्रकाशात पोपटी पेटते, म्हणून लोकांना वाटतं की युरेनियम असलं की चमकणारच. ह्या शेंदरी झिलईचं, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थराचं, तसं नाही. खात्री करायची तर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, हवा. तो ताटलीजवळ नेला की टकटक सुरू होते. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातली ताटली पटकन खाली ठेवली होती. मग तीच पुन्हा उचलून पाच मिनिटं ऐकत बसले.

फिएस्टा ही अमेरिकेतली भांडी. वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएल गावच्या होमर लाफलिन कारखान्याने ती १९३६ साली बाजारात आणली. आकार फ्रेडरिक ऱ्हीड यांचे. फुलं नाहीत, वेली नाहीत, सोनेरी काठ नाही. काठाजवळ नुसत्या एकात एक गोल रेषा, आणि मग रंगच रंग. सुरुवातीला रंग पाच होते : लाल, गर्द निळा, फिकट हिरवा, पिवळा आणि हस्तिदंती. पुढच्या वर्षी फिरोजी आला. ज्याला ते ‘लाल’ म्हणत तो आपल्या डोळ्यांना शेंदरीच दिसतो, आणि तो यायचा युरेनियम ऑक्साइडमधून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारला युरेनियम अणुबॉम्बसाठी हवं झालं आणि लाल रंग बंद पडला. १९५९ मध्ये तो परत आला, पण तेव्हा त्यात क्षीण केलेलं, म्हणजे बॉम्बच्या कामाचा बहुतेक भाग काढून घेतलेलं, युरेनियम होतं. १९७२ पर्यंत तो चालला. म्हणजे तुमच्या ताटल्या जुन्या असतील तर आधीच्या असोत वा नंतरच्या, युरेनियम आहेच.

‘जुन्या असतील तर’ म्हटलं, कारण हीच भांडी १९८६ पासून पुन्हा निघू लागली आणि अक्षरंही तशीच उठावाची. नव्यांतही तांबडे-शेंदरी रंग आहेत, त्यांत युरेनियम नाही. तर आता ताटली पालथी घाला. जुन्या ताटलीच्या बुडाचं कडं, म्हणजे जे टेबलाला टेकतं ते, झिलईने पूर्ण झाकलेलं असतं आणि त्या कड्याजवळ तीन बारीक खुणा असतात, टाचणी टोचल्यासारख्या. भट्टीत ती तीन टोकांवर तोललेली असायची, त्यांच्या त्या खुणा. नव्या ताटलीच्या कड्यावरची झिलई पुसून काढलेली असते; तिथे बोट फिरवलं की कोरडं, खरखरीत लागतं. हे बघायला बॅटरी लागत नाही आणि भाचाही लागत नाही.

तीन खुणा निघाल्या तर फेकू नका, पण जेवायलाही घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचाही सल्ला हाच आहे. कपाटात मांडलेल्या ताटलीची मला काळजी वाटत नाही. काळजी आहे ती आंबट पदार्थाची, कारण आम्ल झिलईतलं जे निघेल ते ओढून घेतं, आणि युरेनियम पोटात गेलं तर मूत्रपिंडांना त्रास देतं. टवका उडालेली ताटली तर मुळीच वापरू नका, आणि तो टवका पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करण्याच्या भानगडीत पडू नका. ती धूळ नाकात जाते. आता बाकीचे रंग निर्धास्त असंही समजू नका. त्या काळच्या चकचकीत झिलयांत शिसं सर्रास असायचं, मग रंग कुठलाही असो. माझा नियम सोपा आहे : जुनं रंगीत भांडं बघायला, नवं जेवायला.

प्रश्न : माझ्याकडे जुना पिवळा वाडगा आहे. त्यावर जाळीसारख्या बारीक रेषा आल्या आहेत आणि रेषांत तपकिरी डाग आहेत. रात्रभर ब्लीचमध्ये ठेवला तर निघतील ना?

निघतील. पंधरा दिवसांनी झिलईसुद्धा निघेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मीही अशाच एका पिवळ्या वाडग्याला ब्लीचमध्ये बुडवून निवांत झोपले. सकाळी वाडगा असा स्वच्छ की मी घरातल्या प्रत्येकाला उठवून दाखवला. पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तर वाडग्याखाली पिवळे पापुद्रे पडलेले, आणि काठाला हात लावला तर आणखी एक हातात आला. खालची माती उघडी पडली होती, पांढरी, खडूसारखी.

झालं काय, तर ह्या भांड्यांची माती सच्छिद्र असते. वर्षानुवर्षं ती हवेतला ओलावा पिते आणि केसभर फुगते. झिलई म्हणजे काच, तिला फुगता येत नाही. ती ताणली जाते आणि तिला जाळी पडते. त्या जाळीतून डाग आत जातो, आणि त्याच वाटेने ब्लीचही जातं. वाडगा वाळला की ब्लीचचे क्षार आत राहतात, त्यांचे स्फटिक होतात आणि ते झिलईला आतून ढकलतात.

तुम्ही असं करा. आधी वाडगा एक-दोन दिवस नुसत्या स्वच्छ पाण्यात ठेवा, म्हणजे माती पाणी पिऊन घेईल आणि डाग आणखी आत ओढला जाणार नाही. मग औषधाच्या दुकानात मिळतं ते तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओता आणि वाडगा त्यात बुडवा. दिवस लागतील, कदाचित आठवडे लागतील. मधूनमधून बघा, पण रोज उपसून बघू नका; मला ती खोड आहे. झाल्यावर पुन्हा साध्या पाण्यात ठेवा आणि सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये नाही. सोनेरी काम असलेल्या किंवा कुठे जोड दिलेल्या भांड्यावर हा प्रयोग करू नका. डाग थोडे राहिले तर राहू द्या.

प्रश्न : आमच्या घरी दोन कानांची मोठी दगडी बरणी आहे. बाहेरून करडी, संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत. आतून गुळगुळीत तपकिरी. वर ५ हा आकडा आणि निळं फूल आहे. दमट हवेत खालच्या बाजूला पांढरी पूड येते. आमचे हे म्हणतात, बाहेरून सगळी खराब झाली आहे, घासून वार्निश मारू. मारावं का?

त्यांना आधी वार्निशचा डबा खाली ठेवायला सांगा.

ते खराब झालेलं नाही, ते तसंच केलेलं आहे. ती संत्र्याची साल म्हणजे मिठाची झिलई. दगडी भांडं, ज्याला स्टोनवेअर म्हणतात, ते साधारण बाराशे अंश सेल्सिअसच्या वर भाजतात. एवढ्या आचेला माती जवळजवळ दगड होते आणि पाणी पीत नाही. भट्टी अशी तापलेली असताना तिच्या भोकांतून मूठ-मूठ मीठ आत टाकायचे. मिठाची वाफ व्हायची, त्यातला सोडियम मातीतल्या वाळूच्या अंशाशी मिळायचा आणि भांड्यावर काच धरायची, बारीक खळ्याखळ्यांची. जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीकाठच्या कुंभारांनी हे मध्ययुगाच्या अखेरीस साधलं. इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइट यांनी १६७२ मध्ये फुलहॅमला दगडी भांड्यांचं पेटंट घेतलं. पुढे हे काम समुद्रापार अमेरिकेत गेलं.

मग आतून तपकिरी का? तर वाफ बरणीच्या पोटात नीट पोचत नसे, एकावर एक रचलेल्या बरण्यांत तर नाहीच. म्हणून भाजण्याआधी आत पातळ मातीचा हात द्यायचे. अमेरिकेत त्यासाठी न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीजवळची माती प्रसिद्ध होती. ती आचेत आपोआप वितळून अशी चॉकलेटी काच व्हायची. निळं फूल कोबाल्टचं. इतक्या आचेत टिकणारे रंग मोजकेच, त्यात कोबाल्ट पक्का. आकडा मापाचा असतो. अमेरिकी बरणी असेल तर ५ म्हणजे पाच गॅलन, सुमारे एकोणीस लिटर. फूल नीट बघा : ब्रश टेकवला तिथे निळा दाट असेल आणि उचलला तिथे फिका. माझ्या बरणीवरच्या फुलाला चार पाकळ्या आहेत आणि पाचवी काढताना बहुधा कुणीतरी हाक मारली असावी. नुसतं देठच आहे.

पांढरी पूड म्हणजे पुन्हा मीठच, पण हे भट्टीतलं नव्हे. कधी काळी बरणीत खारं पाणी साठवलेलं असणार. एखाद्या चिरेतून किंवा कमी भाजलेल्या जागेतून ते मातीत मुरलं. हवा दमट झाली की विरघळतं, कोरडी झाली की पुन्हा खडे धरतं. वरून वार्निश मारलंत तर ते आतच कोंडेल आणि वार्निशसकट पापुद्रे काढेल. बरणी मावेल अशा टबात डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा आणि चार-पाच दिवसांनी पाणी बदला. बदललेल्या पाण्याचे दोन थेंब आरशावर वाळवून बघायचे. डाग पडायचा थांबला की मीठ निघालं. मला एका बरणीला अडीच महिने लागले. तोवर न्हाणीघरात बरणी आणि घरात कुरकुर.

प्रश्न : विकत घेताना तडा कसा ओळखावा? आणि ताटल्या भिंतीवर टांगाव्यात का?

भांडं बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारा. चांगलं असेल तर नाद लांबतो, तडा असेल तर बद्द वाजतं. जोडलेलं असेल तर पहिल्या बाईंच्या भाच्याची बॅटरी इथे कामाला येते. डिंक आणि वरून लावलेला रंग त्या उजेडात बहुधा वेगळाच दिसतो. टांगायचं तर स्प्रिंगचे हूक नकोत, ते दिवसरात्र काठ आवळत राहतात. आणि कप कानाला धरून टांगू नका. कान वेगळा चिकटवलेला असतो.

प्रश्न : माझ्याकडे जुन्या फिएस्टाच्या सात ताटल्या, पाच रंग, तीन कप, नऊ बश्या. जाऊबाई म्हणतात, हा सेट नव्हेच. एकाच रंगाचे शोधत बसू का?

जाऊबाईंना सांगा की हा सेट असाच विकला जायचा. अमेरिकेतल्या मंदीच्या दिवसांत आली ती भांडी. गिऱ्हाइकाने सुटी घ्यावीत, ह्या महिन्यात एक पिवळी ताटली, पुढच्या महिन्यात एक निळा कप, आणि रंग आपल्या मर्जीने मिसळावेत, हाच तर त्यांचा डाव होता. एकरंगी हट्ट धरलात आणि नेमका ‘मीडियम ग्रीन’ नावाचा मधला हिरवा आवडला तर संपलंच : तो १९५९ मध्ये निघाला, तेव्हा ह्या भांड्यांचा खप उतरला होता, म्हणून तो फारच थोडा आहे.

कप कमी आणि बश्या जास्त हे तर सगळ्यांच्याच घरी. कप हातात फिरतो, पडतो. बशी खाली बसून राहते. माझ्याकडे चार कप आणि अकरा बश्या आहेत. एका करड्या बशीत घराच्या किल्ल्या असतात, एकीत बटणं. उरलेल्या बश्यांसाठी कप शोधणं मी सहा वर्षांपूर्वी सोडलं, आणि गेल्या महिन्यात आणखी एक बशी घेऊन आले.

पुढच्या वेळी फोटो बुडाचे पाठवा.