रोज पीत नाहीत, मग बेवडे कसे?

"मॅडम, रोजच्यातले न्हाईत ओ ते. पगार झाला की तेवढंच."

सोलापुरातल्या अक्कलकोट रोडकडच्या वस्तीतली ही बाई विड्या वळते. नवरा यंत्रमागावर, पगार शनिवारचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सासू म्हणते, आठवड्यातून एकदा घेणारा कसला बेवडा? सून उगाच बोभाटा करते. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बऱ्याच घरांत हाच वाद असतो.

पुरावा म्हणून तिनं कॅलेंडरचं पानच आणलं होतं. प्यायलेल्या दिवसांवर लाल फुल्या. पाचच.

"एका वेळी किती?"

"दोन क्वार्टर. देशी."

तिथंच हिशेब मांडला. क्वार्टर 180 मिलीची, अल्कोहोल 42.8 टक्के, म्हणजे एकीत साधारण 60 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. महिन्यात एकदा जरी एका बैठकीत 60 ग्रॅम किंवा जास्त पोटात गेलं, तरी जागतिक आरोग्य संघटना त्याला अतिमद्यपान धरते. हे गृहस्थ तिथवर पहिल्याच क्वार्टरला पोचतात. बाटलीवर टक्के छापलेले असतात, ग्रॅम नाहीत. मग दिवसच मोजले जातात.

मग तिला निळं पेन दिलं. कामावर खाडा पडला ते दिवस, मालकाकडून उचल घेतली ते दिवस, हात उचलला ते दिवस, सगळ्यांवर खूण कर म्हटलं. शेवटच्याला पेन बराच वेळ तसंच धरून बसली. मग तीन गोल काढले. निळं जे काही होतं, ते लाल फुलीवर नाही तर तिच्या पुढच्या एक-दोन चौकटींत. सोमवार तर सगळेच निळे. मारहाणीचं खापर दारूवर फोडायचं नाही, हे बजावलं आणि 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर पाठ करून घेतला.

पान बघून तिसऱ्या आठवड्यात नवरा स्वतःच आला. 'ऑडिट' नावाची पिण्याबद्दलच्या 10 प्रश्नांची चाचणी असते, 40 गुणांची. त्याला 17 पडले. 8 किंवा जास्त म्हणजे धोका, 20 किंवा जास्त म्हणजे व्यसनाची पक्की तपासणी. सकाळी हात थरथरतात का, हेही विचारलं. नाही म्हणाला. थरथरत असते तर आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेततं.

कारखान्यापासून घरापर्यंत देशीची दोन दुकानं लागतात. जास्त कर, कमी दुकानं, जाहिरातींवर बंदी यांनी पिणं कमी होतं, असं संशोधन सांगतं. माझा तासभर त्या दोन दुकानांपुढे किती टिकणार? म्हणून आम्ही पगाराचीच वाट बदलली. शनिवारी ती गेटवर उभी राहते, पाकीट तिच्या हातात येतं.

पुढच्या महिन्याच्या पानावर तीन फुल्या होत्या, त्यातल्या एकीजवळ 'अर्धी' असं लिहिलेलं. ते अक्षर त्याचं. ती अर्धी नव्हती, आख्खी होती, असं ती म्हणाली आणि माझ्यासमोरच दोघांची जुंपली.