साईटवर शिकाऊ उमेदवार म्हणून जाण्याआधी

सुतारकाम शिकून बांधकामावर शिकाऊ उमेदवारी करायचं ठरवलंस, चांगलं केलंस. मशीनच्या मागे आत्ताच लागू नकोस. आधी हात बसू दे.

सुरुवातीला एवढंच घे: टेप, गुण्या (काटकोन तपासायचं साधन), करवत, रंधा, हातोडी आणि अर्धा इंच व एक इंच अशा दोन पटाशा (लाकूड तासायच्या धारदार छिन्न्या).

पहिलं मापाचं. मिस्त्री इंच-सुतात बोलतात, नकाशा मिलिमीटरमध्ये असतो. आठ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. हे तोंडपाठ पाहिजे.

सगळ्यात जास्त लाकूड वाया जातं ते करवत रेघेवरच चालवल्याने. करवतीचं पातं स्वतःच दीड-दोन मिलिमीटर खातं, म्हणून रेघ शाबूत ठेवून टाकाऊ बाजूने काप. रोज दहा काप घे आणि प्रत्येक काप गुण्याने तपास.

मग खाच-कुसूचा सांधा, म्हणजे एका लाकडात खाच आणि दुसऱ्याच्या टोकाला तिच्यात बसणारं कुसू. कुसू आधी जाडच ठेव, पटाशीने थोडं थोडं तासून बसव. एकदा ढिलं झालं की चौकट हलतेच. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोज. सारखे नसतील तर ती काटकोनात नाही.

पटाशी बोथट झाली की जोर जास्त लागतो, ती निसटते आणि हात कापतो. धार रोज लाव, दुसरा हात धारेच्या मागेच ठेव.

ओली बाभूळ स्वस्त मिळाली तरी सरावाला घेऊ नकोस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती आकसते, चिरते, अन् चूक तुझी की लाकडाची तेच कळत नाही. पॉलिश, सनमायका नंतर बघू.